छायाचित्रणवेड्या मित्रासोबत हर्णै-मुरुडचे दोन दिवस : आखणी कशी करावी

विश्रांतीसाठी समुद्रावर निघालेला माणूस उशिरा उठतो आणि कॅमेरा घेऊन निघालेला माणूस पहाटे साडेपाचला खोलीचे दार वाजवतो. दोघांच्या सुट्टीच्या कल्पनेतच हा फरक असल्यामुळे अशा सहली पुष्कळदा एकाच्या कंटाळ्यात आणि दुसऱ्याच्या चडफडाटात संपतात. वास्तविक हा पेच सोडवणे अवघड नाही. छायाचित्रकाराला हवा असलेला तिरपा, मऊ प्रकाश दिवसातून दोनदाच मिळतो. सूर्योदयाच्या आगेमागे तास-दीड तास आणि सूर्यास्ताच्या आगेमागे तेवढाच वेळ. उरलेला दिवस, विशेषतः सकाळी दहा ते दुपारी चार हा काळ, समुद्रकिनाऱ्यावर छायाचित्रांच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी असतो, कारण डोक्यावरच्या उन्हात वाळू पांढरीफटक आणि आकाश निस्तेज दिसते. हे सहा तास दोघांनीही निवांत घालवायचे आहेत, असे निघण्यापूर्वीच ठरवून टाकावे. मात्र ते तास गाडी चालवण्यात वाया जाणार नाहीत, असे ठिकाण निवडणे हे या आखणीतले पहिले काम आहे.

त्या दृष्टीने रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील कर्दे, मुरुड, हर्णै आणि आंजर्ले हा पट्टा फार सोयीचा आहे. मोकळी लांबलचक पुळण, गजबजलेले मासळी बंदर, समुद्रातला किल्ला, खाडीचे मुख, डोंगरकड्यावरचे देऊळ आणि पोफळीच्या बागा एवढे सगळे इथे एका मुक्कामावरून थोड्या अंतराच्या फेरीत पाहता येते. एकाच सहलीत गुहागर, वेळणेश्वर आणि गणपतीपुळेही उरकण्याचा मोह होतो, तो टाळावा. दोन दिवसांत पाच किनारे पाहणाऱ्याला एकही किनारा नीट दिसत नाही आणि विश्रांती तर मुळीच मिळत नाही.

शनिवार-रविवार तिथी पाहून निवडावा

बहुतेक लोक कार्यालयीन सुट्टी आणि खोलीची उपलब्धता पाहून तारीख ठरवतात. किनाऱ्यावरच्या छायाचित्रणासाठी त्याबरोबर तिथीही पाहावी, कारण सूर्यास्ताच्या वेळी समोर ओल्या वाळूचा आरसा असेल की खडकांवर आपटणारे पाणी, हे भरती-ओहोटीवर ठरते. आपल्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते आणि त्यांची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. कोकणात यासाठी एक सोपा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या वापरला जातो : तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची घड्याळातली वेळ मिळते. अष्टमीला आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा, म्हणून सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती असते. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधरा गुणिले पाऊण म्हणजे सव्वाअकरा, म्हणून दुपारी आणि रात्री त्या सुमारास भरती, आणि त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी, म्हणजे नेमकी सूर्यास्ताच्या आसपास, पूर्ण ओहोटी. हा हिशेब स्थूल आहे. जाण्याच्या आदल्या दिवशी भरतीचे छापील किंवा मोबाइलवरचे वेळापत्रक पाहून तो पडताळून घ्यावा. पण दोन महिने आधी कोणता शनिवार-रविवार धरायचा, एवढे ठरवायला तो पुरेसा आहे.

पौर्णिमा किंवा अमावास्या आणि तिच्या पुढचे दोन दिवस निवडल्यास संध्याकाळी पाणी खूप आत गेलेले असते. उधाणाचे दिवस असल्यामुळे भरती-ओहोटीतला फरकही मोठा असतो आणि मुरुड-कर्द्याच्या सपाट पुळणीवर पाण्याचा पातळ थर मागे राहून त्यात आकाशाचे रंग उतरतात. यातही पौर्णिमेचा एक जास्तीचा लाभ आहे. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पूर्ण चंद्र पश्चिमेला समुद्रात मावळत असतो आणि त्याच वेळी पाठीमागून उजाडत असते, त्यामुळे चंद्र, पाणी आणि नांगरलेल्या होड्या एकाच चौकटीत येतात आणि उजेड पुरेसा असल्याने चंद्राचा नुसता पांढरा ठिपकाही होत नाही. मित्राला ताऱ्यांची छायाचित्रे काढायची असतील तर अर्थातच अमावास्या बरी. षष्ठी ते अष्टमी हे भांगाचे दिवस. तेव्हा भरतीचा जोर कमी असतो, परंतु सूर्यास्ताला पाणी वरपर्यंत आलेले असल्याने किनाऱ्यालगतच्या खडकांवर फुटणाऱ्या लाटा टिपायच्या असतील तर हेच दिवस उपयोगी पडतात.

ऋतूच्या बाबतीत फार विचार करावा लागत नाही. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरअखेर हवा स्वच्छ असते आणि डोंगर अजून हिरवे असतात. डिसेंबर-जानेवारीत गारवा सुखद असतो, पण क्षितिजावर धुरकटपणा येऊन सूर्य कधीकधी पाण्याला टेकण्याआधीच विरून जातो. एप्रिल-मे हा आंबा खाण्याचा काळ आहे, छायाचित्रणाचा नव्हे. जूनपासून पावसाळी मासेमारी बंदी सुरू होते, बंदर ओस पडते आणि समुद्र खवळलेला असतो. दिवाळी, नाताळ आणि वर्षअखेरच्या गर्दीत इथे येण्याचा सल्ला कोणालाही देऊ नये.

प्रवास आणि मुक्काम

मुंबईहून माणगाव, महाड, कशेडीचा बोगदा आणि खेड या मार्गाने किंवा माणगावच्या पुढून आंबेत-मंडणगडमार्गे दापोली गाठता येते. पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून माणगावला आले की पुढचा रस्ता तोच. रेल्वेने यायचे असल्यास कोकण रेल्वेचे खेड स्थानक सोयीचे असून तिथून दापोलीला एसटी मिळते. शक्य झाल्यास शुक्रवारी दुपारीच निघावे, म्हणजे दोन सकाळी हाताशी येतात. ते जमत नसेल तर शनिवारी पहाटे निघून दुपारच्या जेवणाला मुक्कामी पोहोचावे. रात्रभर गाडी चालवून थेट सूर्योदयाला किनाऱ्यावर उभे राहण्याची हौस दोघांपैकी एकाला, बहुधा गाडी चालवणाऱ्याला, पुढचे दोन्ही दिवस महाग पडते.

मुक्काम मुरुड, कर्दे किंवा आंजर्ल्याला नारळी-पोफळीच्या वाडीत असलेल्या एखाद्या घरगुती निवासात करावा. खोली ठरवताना दोन प्रश्न आवर्जून विचारावेत. पहाटे साडेपाचला कोरा चहा मिळेल का, आणि वाडीतून किनाऱ्यावर चालत जाता येते का? पहाटे गाडी न काढता समुद्रावर जाता येत असेल, तर झोपलेल्या सोबत्याला उठवण्याचे कारणच उरत नाही. दोघांच्या झोपेच्या वेळा फारच भिन्न असतील तर सरळ दोन खोल्या घ्याव्यात. मैत्री टिकवण्यासाठी तो खर्च मोठा नाही.

पहिली संध्याकाळ : हर्णै बंदर

शनिवारी जेवून झोप काढावी आणि चारच्या सुमारास हर्णैच्या बंदरावर जावे. मासळीचा लिलाव इथे सकाळी आणि संध्याकाळी होतो. त्या दिवशीची नेमकी वेळ घरमालकाला विचारून घ्यावी, कारण होड्या किती वाजता परततात यावर ती अवलंबून असते. खोल पाण्यात नांगरलेल्या मोठ्या होड्यांतून मासळी लहान होड्यांनी किनाऱ्याजवळ येते. पाण्यात शिरून ती वाहून आणणाऱ्या ज्या बैलगाड्या छायाचित्रकारांमध्ये या बंदराची ओळख बनल्या आहेत, त्या दिसल्या तर मित्र पुढचा तासभर तुमच्या हाका ऐकणार नाही, हे गृहीत धरावे. वाळूवर सुरमई, पापलेट, कोळंबी आणि बांगड्याचे ढीग मांडलेले असतात, भोवती कोंडाळे जमते, आकडे भराभर चढतात आणि सौदा काही क्षणांत तुटतो.

इथे छायाचित्रे काढण्याची एक रीत आहे आणि ती पाळली तरच चांगली छायाचित्रे मिळतात. हा लिलाव पाहुण्यांसाठी मांडलेला देखावा नसून लोकांच्या रोजच्या कमाईचा प्रश्न आहे. त्यामुळे आल्याआल्या कॅमेरा डोळ्याला लावू नये. आधी पंधरा-वीस मिनिटे रिकाम्या हाताने फिरावे, भाव विचारावा, डोक्यावर पाटी घेऊन येणाऱ्या बायकांच्या वाटेतून बाजूला राहावे आणि जवळून चेहरा टिपायचा असेल तर ‘मावशी, एक फोटो काढू का?’ असे सरळ विचारावे. ‘नको’ म्हणाल्या तर तो विषय तिथेच संपतो. लांबच्या भिंगाने चोरून छायाचित्र काढणे हा त्यावरचा उपाय नव्हे. थोडी मासळी विकत घ्यावी आणि ती मुक्कामी शिजवून मिळेल का, हे आधीच विचारून ठेवावे. छायाचित्रणात रस नसलेल्या सोबत्याचे इथे खरे काम आहे : त्याने बोलायचे, मित्राने टिपायचे. गप्पांत गुंतलेला माणूस कॅमेऱ्याकडे पाहत नाही आणि तेच छायाचित्रकाराला हवे असते.

बंदराच्या दक्षिणेच्या टोकावर कनकदुर्गाचा छोटा उंचवटा आणि त्यावर दीपगृह आहे. लिलावाची गर्दी पुरेशी टिपून झाल्यावर सूर्यास्तापूर्वी अर्धा तास तिथे पोहोचावे. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग, खाली होड्यांचे रंगीत झेंडे आणि मागे गाव असे चित्र तिथून दिसते. सूर्य मावळताच लोक उठून जातात, पण खरे रंग त्यानंतरच्या वीस-पंचवीस मिनिटांत चढतात. आकाश गडद निळे होते, बंदरावरचे दिवे लागतात आणि दोन्ही उजेडांची पातळी थोडा वेळ बरोबरीला येते. सोबत्याने तेवढी कळ काढावी आणि मित्राने त्याबदल्यात अंधार पडल्यावर ‘अजून एकच’ म्हणू नये, असा करार आधी केलेला बरा.

दुसरा दिवस

सकाळचे गणित संध्याकाळच्या उलट असते. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून असल्यामुळे सूर्य डोंगरामागून उगवतो आणि तो पाण्यावर येईपर्यंत बराच वेळ किनारा सावलीत राहतो. अनेक नवखे छायाचित्रकार यामुळे सकाळ सोडून देतात, पण ते योग्य नाही. हर्णैच्या किनाऱ्यावरून पाहताना हा प्रकाश पाठीमागून येऊन थेट सुवर्णदुर्गाच्या तटावर पडतो, त्यामुळे संध्याकाळी नुसती काळी आकृती दिसणाऱ्या किल्ल्याचे चिरे, बुरूज आणि झाडी सकाळी स्पष्ट दिसतात. हिवाळ्यात कुरव पक्ष्यांचे थवेही याच वेळी होड्यांभोवती घिरट्या घालतात. उडते पक्षी टिपताना शटरचा वेग एक हजारांश सेकंद किंवा त्याहून जास्त ठेवावा.

समुद्र शांत असेल तर सकाळी हर्णैहून होडीने सुवर्णदुर्गावर जावे. हा किल्ला 2025 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांपैकी एक आहे. आंग्र्यांच्या आरमाराचे हे महत्त्वाचे ठाणे 1755 मध्ये पेशवे आणि इंग्रज यांच्या संयुक्त मोहिमेत कमोडोर जेम्सने जिंकले. महादरवाजाच्या पायरीवर कोरलेले कासव आणि तटातील मारुती यांच्यावर सकाळचा तिरपा प्रकाश पडला तर कोरीवकाम उठून दिसते. तटाचा काही भाग बेटाचा मूळ कातळ तासून तयार केलेला आहे. घडीव चिरे आणि नैसर्गिक खडक जिथे मिळतात ती जागा जवळून पाहण्याजोगी आहे. होडीतून उतरताना गुडघाभर पाण्यात पाय टाकावा लागू शकतो, म्हणून कॅमेरा बंद तोंडाच्या जलरोधक पिशवीत ठेवावा. बेटावर काही विकत मिळेल असे समजू नये. पाणी सोबत न्यावे आणि परतीची वेळ नावाड्याशी आधीच ठरवावी. ड्रोन आणला असेल तर संरक्षित किल्ल्यावर आणि बंदरावर परवानगीशिवाय तो उडवू नये.

डॉल्फिन पाहण्यासाठी कर्दे-मुरुडहून सकाळी होड्या सुटतात. ही फेरी आनंददायक आहे, पण छायाचित्रांच्या दृष्टीने मनात फार मोठी अपेक्षा ठेवू नये, कारण बहुतेक वेळा पाठीचा पर आणि पाण्याची वळी एवढेच हाती लागते. पाच-सहा होड्या मिळून एका कळपाचा पाठलाग करत असतील तर आपल्या नावाड्याला इंजिन बंद करून थांबायला सांगावे. पाठलाग थांबल्यावर डॉल्फिन जवळ येण्याची शक्यता उलट वाढते.

उन्हाची वेळ झाली की मुक्कामी परतावे. घावन किंवा आंबोळी, दुपारी मासळीचे कालवण नाहीतर कुळथाचे पिठले, सोलकढी आणि त्यानंतर वाडीतल्या सावलीत आडवे होणे, हा या सहलीचा गाभा आहे आणि त्यात काटछाट करू नये. मार्च-एप्रिलमध्ये आल्यास ओल्या काजूची उसळ अवश्य मागावी. मित्राने या वेळात कार्डातील छायाचित्रे दुसरीकडे उतरवून घ्यावीत आणि बॅटऱ्या चार्जिंगला लावाव्यात. कोकणात वीज जाते, म्हणून हे काम रात्रीवर ढकलू नये.

दुपारी झोप येत नसेल तर एकच जागा सुचवावीशी वाटते, ती म्हणजे दापोली-हर्णै रस्त्यावरील आसूदचे केशवराज मंदिर. पोफळीच्या दाट बागेतून उतरत ओढ्यावरच्या साकवापर्यंत जायचे आणि पलीकडच्या पायऱ्या चढून देवळाशी पोहोचायचे. संपूर्ण वाट सावलीची असल्यामुळे भर दुपारीही इथे छायाचित्रण करता येते. पानांतून झिरपणारे कवडसे, ओढ्याचे संथ पाणी आणि देवळाजवळ गोमुखातून पडणारी धार टिपण्यासाठी तिपाई सोबत घ्यावी आणि शटर अर्धा ते एक सेकंद उघडे ठेवावे. देवळात छायाचित्रे काढण्यापूर्वी पुजाऱ्यांना विचारावे.

आणखी एक रात्र राहणे शक्य असेल तर रविवारची संध्याकाळ आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीसाठी राखावी. तिथून सुवर्णदुर्ग दक्षिणेकडे दिसतो, त्यामुळे मावळता सूर्य उजव्या हाताला राहतो आणि तटावर बाजूने प्रकाश पडतो. उंचीवरून पाहताना लाटांच्या पांढऱ्या रेघा आणि माडांची किनार यांचे जे आकार दिसतात, ते खालच्या पुळणीवरून दिसत नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये आंजर्ले आणि पलीकडच्या वेळास गावात ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्रात सोडली जातात. तो सोहळा पाहायचा असल्यास फ्लॅश पूर्ण बंद ठेवावा, दोरीपलीकडे जाऊ नये आणि पिल्लाला हात लावू नये.

खारी हवा आणि कॅमेरा

समुद्रावर कॅमेऱ्याला लाटेपेक्षा हवेतल्या खाऱ्या तुषारांचा त्रास जास्त होतो, कारण ते दिसत नाहीत. भिंगापुढे साधा पारदर्शक फिल्टर लावावा आणि त्याच्यावर चिकचिकीत थर जाणवला तर तो कोरड्या कापडाने घासू नये, कारण त्यात वाळूचे कण असू शकतात. आधी हवेच्या फुग्याने कण उडवावेत आणि मग किंचित ओलसर मऊ कापडाने पुसावे. किनाऱ्यावर भिंग बदलणे टाळावे. दोन कामांसाठी दोन भिंगे लागत असतील तर रुंद भिंग संध्याकाळसाठी आणि लांब पल्ल्याचे भिंग सकाळसाठी खोलीतच चढवून निघावे. वातानुकूलित खोलीतून दमट हवेत कॅमेरा नेताच भिंगावर बाष्प धरते आणि सूर्योदयाची पहिली पंधरा मिनिटे पुसण्यातच जातात. म्हणून कॅमेरा रात्री बंद बॅगेत ठेवावा आणि निघण्यापूर्वी अर्धा तास ती बंद बॅगच व्हरांड्यात नेऊन ठेवावी.

परतणाऱ्या लाटेचे रेशमी पट्टे टिपायचे असतील तर शटर अर्धा ते एक सेकंद पुरते; फार लांबवले की सगळे धुके होते. तिपाईचे पाय वाळूत दाबून रोवावेत, कारण प्रत्येक लाट त्यांच्याखालची वाळू ओढून नेते आणि चित्र नकळत हलते. सूर्यास्ताला उजेडाचे मापन सूर्यावर न करता त्याच्या बाजूच्या आकाशावर करावे आणि क्षितिजाची रेघ सरळ आहे ना, हे प्रत्येक वेळी पाहावे. तिरके क्षितिज एरवी खपून जाईल, समुद्रावर नाही. चौकट रिकामी वाटत असेल तर सोबत्याला पाण्याच्या कडेने शांतपणे चालत जायला सांगावे. लहानशी मानवी आकृती आली की पुळणीची लांबी डोळ्यांना कळते, आणि सोबत्याचेही एखादे बरे छायाचित्र निघते, जे छायाचित्रकारांच्या मित्रांना क्वचितच लाभते.

भरती चढत असताना खडकांच्या टोकावर थांबू नये. भिंगातून पाहणाऱ्याला मागची वाट पाण्याखाली गेलेली कळत नाही, म्हणून लक्ष ठेवण्याची जबाबदारी दुसऱ्याने घ्यावी. खाडीच्या मुखाशी पोहायला उतरू नये आणि गाडी वाळूवर नेऊ नये.

रविवारी परतायचे असल्यास जेवून दोनच्या आत निघावे, म्हणजे घाटरस्ता उजेडात पार होतो. निघण्यापूर्वी तिपाईचे पाय उघडून गोड्या पाण्याने धुवावेत आणि सांध्यांतली वाळू काढावी. बंदरावर ज्यांची छायाचित्रे काढली त्यांच्यापैकी कोणाला ती पाठवण्याचे कबूल केले असेल, तर त्यांची नावे घरमालकाजवळ लिहून द्यावीत आणि छापलेल्या प्रती आठवडाभरात घरमालकाच्याच पत्त्यावर धाडाव्यात. पुढच्या वेळी लिलावात उभे राहताना याचा उपयोग होतो.